मॅक्सिमच्या नावाची मिस्सा

माझा नवरा स्टॅन्ली बोलत नाही. म्हणजे मुका नाही. एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे, दिवसभर पोरांवर "यल्ला, यल्ला" करून ओरडतो आणि घरी येतो तेव्हा माझ्यासाठी त्याच्याकडे "हं", "बघू" आणि "मीठ कुठाय" एवढंच उरलेलं असतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हात टेकले. म्हणूनच मस्कतमधल्या, वादी अदाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी दुपारी जे व्हायचं, त्याचं मला आधी नवल वाटलं, मग राग आला आणि शेवटी भीती वाटायला लागली.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, रुवीच्या चर्चमधून मिस्सा आटोपून आम्ही घरी यायचो. जेवणं व्हायची. मग स्टॅन्ली हॉलमधल्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचा, वसईला माझ्या आईला फोन लावायचा आणि माझ्या मेलेल्या भावाच्या आवाजात बोलायला लागायचा.

एवढंच ऐकून कुणीही म्हणेल, ही बाई ठार वेडी आहे. तेव्हा नीट सांगते.

मॅक्सिम माझा धाकटा भाऊ. मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला होता आणि आमच्याकडेच राहायचा. हॉलमधला सोफा त्याचा. तोंडाला कुलूप म्हणून नाही. पाहुण्यांशी बोलून बोलून तो स्पॅनिश शिकला, आणि एक दिवस जेवताजेवता म्हणाला, "ब्रिजू, मी चाललो. अर्जेंटिना. कोर्दोबा." मी म्हटलं, तिथे काय पुरलंय तुझं? तर म्हणे, जेझुइट पाद्र्यांनी उभारलेली चारशे वर्षांची युनिव्हर्सिटी आहे, गावभर विद्यार्थी, इंग्लिश शिकवणाऱ्यांना मरण नाही. "आपल्या वसईच्या किल्ल्यात जेझुइटांचं पडकं चर्च आहे ना, छप्पर गेलेलं? तसलंच, पण अख्खं. आणि गावाबाहेर डोंगर." डोंगराचं कौतुक वादी अदाईत राहणाऱ्याने करावं! इथे बाल्कनी उघडली की समोर डोंगरच छाताडावर बसतो. पण तो गेला. तिथे एका म्हातारीच्या घरात खोली घेतली, क्लासमध्ये शिकवायला लागला, आणि दर शुक्रवारी वसईत, आमच्या गिरीज गावी, आईला फोन करायचा. मस्कतला असतानाची सवय, ती त्याने मोडली नाही.

२०१४च्या मार्चमध्ये तो झोपेत गेला. मेंदूत रक्तस्राव. त्या म्हातारीने मोडक्या इंग्लिशमध्ये मला फोनवर सांगितलं. आमचा विसा अबूधाबीहून व्हायचा होता, तो येईपर्यंत तिथले लोक थांबू शकले नाहीत. त्यांनी त्याला तिथेच पुरलं. माझ्या भावाला माती द्यायला आमच्यातलं एकही माणूस नव्हतं.

आणि त्याच महिन्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, धक्का बसेल असं काही हिच्या कानावर घालू नका, एवढ्याने जाईल. वडील कधीच वारलेले. आईला मोतीबिंदूने धड दिसत नाही, घरात कल्पना नावाची बाई तिचं सगळं बघते, आणि हॉलमध्ये जुना, काळा, वायरचा फोन.

सांगायचं तर कुणीतरी हवंच. माझ्याच्याने होईना. शेवटी स्टॅन्लीने फोन लावला. "आई, मी..." एवढंच बोलला असेल. तिकडून आई ओरडली, मला बाजूला उभी असताना ऐकू आलं, "मॅक्सिम! मेल्या, झाली का आठवण आईची?"

स्टॅन्लीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच माहीत नाही. तो म्हणाला, "हो आई."

तिथून सुरू झालं.

पहिले काही शुक्रवार तो घामाघूम व्हायचा. दोन मिनिटांत "ठेवतो आता" म्हणायचा. आई नाराज व्हायची, "तू बदललास रे, पूर्वी किती बोलायचास." मग त्याने इंटरनेटवर कोर्दोबाचे फोटो बघायला सुरुवात केली. फोटो बघून सांगायचा, आई, इथे युनिव्हर्सिटीच्या चौकात संत्र्याची झाडं आहेत, गावातून दगडी बांधाचा ओढा वाहतो, घंटा वाजतात. खिडकीतून वादी अदाईचा उघडाबोडका डोंगर बघत बघत म्हणायचा, "डोंगर दिसतात आई, अगदी समोर." ते तरी खोटं नव्हतं.

मी तोवर किचनमध्ये भांडी घासत असायचे. मुद्दाम. नळ मोठा सोडायचा, पातेली आपटायची, कानावर शब्द पडू द्यायचा नाही. माझा भाऊ मातीत आणि हा माणूस त्याचा आवाज काढतोय, तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटायचं, जाऊन फोन ओढून घ्यावा. पण तिकडे आई होती.

यात सगळ्यात मोठा अन्याय झाला तो मॅक्सिमवर. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाची मिस्सा लावतात. महिन्याची, वर्षाची, आणि दोन नोव्हेंबरला सगळ्या मृतांच्या दिवशी. फादर वेदीवरून नाव घेतात, सगळं चर्च त्या आत्म्यासाठी प्रार्थना करतं. मॅक्सिमची एकही नाही. कशी लावणार? रुवीच्या चर्चमध्ये अर्धी बाकं वसईवाल्यांची. सकाळी नाव वाचलं तर संध्याकाळच्या आत गिरीजमध्ये पोचलं असतं, आणि कुणीतरी भली बाई डोळे पुसत आईच्या दारात हजर झाली असती. मोठ्याने रडायचीसुद्धा सोय नव्हती, वरच्या मजल्यावर वसईतल्याच सांडोर गावचं कुटुंब. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. आई जगावी आणि भावाचं नाव एकदा तरी वेदीवरून घेतलं जावं. आणि या दोन गोष्टी एकत्र काही केल्या जमत नव्हत्या.

वर्षभरात स्टॅन्लीचा फोन लांबत गेला. अर्धा तास, पाऊण तास. तो हसायला लागला. आमची अ‍ॅश्ली दहावीत होती, ती एकदा मला म्हणाली, "ममा, डॅडी ना, मॅक्सिम अंकल असतात तेव्हा जास्त... नाइस असतात. सो फनी." मी तिला गप्प बस म्हटलं. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. फोन ठेवला की स्टॅन्ली पुन्हा "हं" आणि "बघू". जणू कुणीतरी येऊन बसून गेलंय.

आणि मग मी एक करायला लागले, जे कुणालाही सांगितलं नाही. भांडी घासता घासता मध्येच नळ बंद करायचा. साबणाच्या हातांनी उभं राहायचं आणि ऐकायचं. थोडा वेळच. हसणं यायचं, ते स्टॅन्लीचं हसणं नव्हतं. मग पुन्हा नळ सोडायचा. अ‍ॅश्ली तिच्या खोलीत, स्टॅन्लीची पाठ किचनकडे. कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

२०१५च्या ऑगस्टमधला एक शुक्रवार. सकाळी मिस्सेनंतर आम्ही अल मवालेहच्या मार्केटला जाऊन केळी आणली होती आणि मी त्यांची साल काढत उभी होते. नळ बंदच होता. हॉलमधून आवाज आला, "आई, आता सांगतो. संत अंतोनीची मान मीच मोडली होती. भाताच्या शिताने चिकटवली."

माझ्या हातातलं केळं खाली पडलं.

आमच्या घरात देवघराच्या फळीवर संत अंतोनीची मूर्ती होती. मॅक्सिम आणि मी लहान असताना चेंडू लागून तिची मान तुटली. आई बाजारात गेली होती. आम्ही भाताची शितं लावून मान बसवली, वरून माळ घातली आणि एकमेकांची शपथ घेतली की मरेपर्यंत बोलायचं नाही. ती मान अजून तशीच आहे, जरा डावीकडे झुकलेली. मी ही गोष्ट स्टॅन्लीला सांगितलेली नाही. नवऱ्याला काय काय सांगितलं आणि काय नाही, ते बायकोला पक्कं ठाऊक असतं.

फोन ठेवल्यावर मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"अंतोनीचं."

"तूच सांगितलं असशील कधीतरी."

"मी नाही सांगितलं."

"मग मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो घाबरला होता. हा माणूस, चाळीस डिग्रीत गच्चीवर चढून कॉम्प्रेसर उघडणारा. हळूच म्हणाला, "ब्रिजेट, मला आता सुरुवातीचं आठवतं फक्त. हॅलो म्हणतो तिथपर्यंत. मग एकदम ठेवतो ते."

मी त्याच्या शेजारी बसले. सोफ्यावर, मॅक्सिमच्या. मला समजून चुकलं. ज्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली नाही, ज्याला कुणी माती दिली नाही, तो कुठे जाणार? घरीच येणार. आणि आम्ही दर शुक्रवारी त्याला खुर्ची मांडून देत होतो.

"आपण तिकडे जाऊ," मी म्हटलं. "दोन नोव्हेंबरला. तिथे त्याच्या नावाची मिस्सा लावू. तिथे वसईचं काळं कुत्रं नसेल."

"बघू," असं तो म्हणाला नाही. "हो," म्हणाला.

अ‍ॅश्लीला तिच्या मैत्रिणीच्या घरी ठेवलं, ऑफिसात रजा टाकली. निघण्याआधीच्या शुक्रवारी आईला फोनवर सांगून झालं, की क्लासच्या मुलांना घेऊन डोंगरात चाललोय, पुढच्या शुक्रवारी फोन नाही. ते कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. दुबई, तिथून रिओ, तिथून ब्युनॉस आयर्स, तिथून कोर्दोबा. इतका प्रवास की शेवटी दिवस कुठला चाललाय तेही कळेना.

कोर्दोबा मला आवडलं असतं. एरवी. मधोमध जुना चौक, भोवती दगडी कमानी, रस्त्यावर जांभळ्या फुलांचा सडा, आणि जिकडे बघावं तिकडे पोरं, पुस्तकं काखोटीला मारून मोठ्याने बोलणारी. पश्चिमेला डोंगर, पण वादी अदाईसारखे अंगावर येणारे नाहीत, लांब निळी रेघ. वारा सुटला की दिसतात, नाहीतर नाही. मॅक्सिम इथे रमला असणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं, आणि त्याचा थोडा रागही आला.

हॉटेलातून म्हातारीच्या घरी जायचं होतं. मी पत्त्याचा कागद पर्समध्ये शोधत होते, तोवर स्टॅन्ली चालायला लागला. डावीकडे वळला, दगडी ओढा ओलांडला, एका बेकरीपाशी थांबून पलीकडच्या फुटपाथवर गेला. मी मागून पळत होते. "अरे, पत्ता तर बघ!" तो एका हिरव्या दरवाज्यापुढे उभा राहिला आणि कडी वाजवली. कागदावरचा नंबर आणि दारावरचा नंबर एकच होता.

"मॅप पाठ करून आलास?" मी विचारलं.

"हं," तो म्हणाला. खरं असेल. मला ते खरं हवं होतं.

म्हातारी खूप म्हातारी होती. दार उघडल्यावर तिने मला मिठी मारली, आणि स्टॅन्लीचे हात धरून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग आम्हाला आत बसवून त्यांचा तो कडू पाला घातलेला भोपळ्याचा पेला आणला, त्यात नळी. एकच पेला, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. मी प्याले आणि शिकून गेलेला एकुलता एक शब्द टाकला, "ग्रासियास." तिने पेला घेतला आणि नंतर मला दिलाच नाही. स्टॅन्लीला देत राहिली. तो काही न बोलता पीत होता, रिकामा झाला की परत करत होता. पुढे हॉटेलातल्या पोरीने मला सांगितलं की तिथे आभार मानले म्हणजे आता पुरे, असा अर्थ होतो. माझ्या नवऱ्याला ते माहीत होतं. त्याने शेवटचा घोट घेतला तेव्हाच आभार मानले.

मॅक्सिमची खोली तिने दुसऱ्याला दिली नव्हती. पलंग, टेबल, आईने विणलेला टेबलक्लॉथ. खिडकी उघडली तर छपरांच्या पलीकडे ती निळी रेघ. स्टॅन्ली खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला. घरी बसतो तसाच, पाय जरा लांब करून. मला तिथे थांबवेना.

म्हातारीच आम्हाला सिमेटरीत घेऊन गेली. मी गिरीजच्या आमच्या वाडीतली मूठभर माती डबीत घालून आणली होती. मे महिन्यात सुट्टीला गेले होते तेव्हाच काढून ठेवली होती, तेव्हा कशासाठी ते ठाऊक नव्हतं. मनात एवढंच होतं की खड्ड्यावर टाकायची, क्रूस करायचा आणि सांगायचं, बाबा, उशीर झाला. पण म्हातारी एका उंच भिंतीपुढे थांबली. कपाटाचे खण असावेत तसे भिंतीत चौकोन, वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येकावर नाव. तिने वरच्या रांगेकडे बोट केलं. माझ्या भावाला त्यांनी भिंतीत ठेवून वरून सिमेंट केलं होतं.

माती द्यायला आले होते, तर मातीच नव्हती. मी डबी धरून उभी राहिले आणि मला त्या भल्या म्हातारीचा, त्या गावाचा, सगळ्या अर्जेंटिनाचा संताप आला. ती बिचारी दचकली. स्टॅन्लीने माझ्या हातातून डबी घेतली, भिंतीच्या पायाशी ती माती ओतली आणि हात वर करून पंजा त्या चौकोनापर्यंत पोचवायला बघितला. पोचला नाही. "उंच आहे," तो म्हणाला, आणि ते मॅक्सिमच्या आवाजात म्हणाला.

म्हातारीने क्रूस केला. तिलाही ऐकू आलं होतं.

संध्याकाळी आम्ही युनिव्हर्सिटीजवळच्या गल्लीतून येत होतो. समोरून आरडाओरडा आला, आणि कोपऱ्यावरून एक पोरगा धावत बाहेर पडला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मी किंचाळलेच. मागून त्याचे मित्र पिठाच्या पिशव्या घेऊन हसत पळत होते. शेवटची परीक्षा पास झालेल्याला तिथे पिठाने आणि अंड्यांनी माखतात, हे मला तेव्हा समजलं. पण तो पांढरा पोरगा आमच्यासमोर थांबला, स्टॅन्लीकडे बघून त्याने हात वर केला आणि काहीतरी ओरडला. स्टॅन्लीनेही हात केला.

"ओळखतोस?"

"नाही."

"मग हात का केलास?"

तो चालायला लागला. मग म्हणाला, "ब्रिजेट, उद्याचं नक्की आहे ना? मिस्सेचं?" त्या प्रश्नात इतकं आर्जव होतं की मी रस्त्यातच त्याचा हात धरला. मॅक्सिमला सोडवायला आले होते मी, पण नवरा परत न्यायचा होता, हेही तेव्हाच नीट कळलं.

दोन नोव्हेंबरला, सोमवारी, जेझुइटांच्या त्या जुन्या चर्चमध्ये आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो. तिकडे सकाळ होती, म्हणजे वसईत दिवेलागण झालेली. बाहेरून चर्च नुसतं ओबडधोबड दगडाचं, अगदी आपल्या किल्ल्यातलं वाटावं असं, आत मात्र लाकडाचं उंच छत, जहाज उलटं घातल्यासारखं. म्हातारीने नाव आधीच देऊन ठेवलं होतं. फादर मृतांची नावं वाचायला लागले. मोठी यादी होती, मला एकही कळत नव्हतं. स्टॅन्लीने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"मॅक्सिम लोपेस," फादरांनी वाचलं. आमचं लोपीस त्यांच्या तोंडी त्यांच्यातलंच वाटलं. आणि सगळं चर्च, माझ्या भावाला कधी न पाहिलेली सगळी माणसं, काहीतरी एका सुरात म्हणाली.

स्टॅन्लीला ठसका लागला. तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी, मान खाली. शेजारच्या बाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो शांत झाला आणि माझं मनगट सोडून दिलं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी भीत भीत विचारलं, "कॉफी घेऊ या?"

"हं," तो म्हणाला.

आयुष्यात मला त्या "हं"चा इतका आनंद कधी झाला नव्हता. परत जाताना तो दोनदा रस्ता चुकला, आणि शेवटी मी कागद काढून पत्ता विचारला.

मस्कतला पोचलो आणि मग खरी धास्ती सुरू झाली. शुक्रवार येणार होता. आई फोनपाशी बसणार होती. आणि स्टॅन्लीला तो आवाज काढता येत नव्हता. बाथरूममध्ये दार लावून तो प्रयत्न करायचा, मला ऐकू यायचं, "आई, मी मॅक्सिम." एसीवाल्याचा घोगरा, कोरडा आवाज. अ‍ॅश्लीने एकदा सांगितलं, "डॅडी, ट्राय पुन्हा. थोडा हाय." तो म्हणाला, "खलास, होत नाही," आणि डोकं धरून बसला.

मी नावासाठी हट्ट धरला होता. नाव घेतलं गेलं. आता त्याच्या पायी आई जाणार, असं वाटून मला रात्रीची झोप लागेना.

शुक्रवारी जेवण कुणालाच गेलं नाही. स्टॅन्लीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, पहिल्यांदाच. मी त्याच्या खुर्चीला धरून उभी राहिले.

"आई, मी..." त्याचा आवाज चिरकला.

"कोण, स्टॅन्ली?" आई म्हणाली. स्पष्ट, शांत. "बरं झालं केलास. ब्रिजेट आहे का तिथे?"

"आहे," मी म्हटलं. "आई, मॅक्सिमला जरा..."

"मॅक्सिमचा फोन आला होता," आई म्हणाली. "सोमवारी. जपमाळ आटोपली आणि आला. म्हणाला, आई, आता शेवटचा. आज नाव घेतलं माझं, आता जातो. दीड वर्ष तुझ्यापायी अडकलो म्हणाला." तिने श्वास घेतला. आम्ही दोघं तो श्वास पुरा होईपर्यंत जागचे हललो नाही. "मी म्हटलं, जा बाबा. मला काय होणार आहे? बसले आहे की मी."

मी सोफ्यावर टेकले. स्टॅन्लीने कसंबसं विचारलं, "कल्पना आहे का तिथे?"

कल्पना फोनवर आली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, फोन वाजलाच नाही हो. मी तिथेच दिवा लावत होते. मावशींनी मधेच उचलला आणि बोलत बसल्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलू दे. नंतर रडल्या खूप. मग तोंड धुतलं आणि म्हणाल्या, मला चर्चमध्ये ने. उद्या आहे मिस्सा, मॅक्सिमदादांच्या नावाची. माणूस गेल्यावर वाजवतात ती घंटा पण सांगितलीय."

आईने तिच्या हातून फोन घेतला. "ब्रिजेट, तू रुवीत पण लाव. लपवू नको आता. चांगली मोठ्याने नाव घेऊन लाव."

"हो आई," मी म्हटलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी दुःखाच्या आधी मला राग आला. विसासाठी खेटे मी घातले, अर्ध्या पृथ्वीला वळसा मी घातला, भिंतीपुढे माती घेऊन मी उभी राहिले. आणि फोन आईला. मी विचारलंच, "माझ्यासाठी काही म्हणाला?"

"म्हणाला की. तेच सांगते," आई म्हणाली. "मला काही कळलं नाही त्यातलं, तुला कळेल म्हणाला. ब्रिजूला सांग, मी बोलायला लागलो की भांडी घासता घासता ती नळ बंद करायची. मी मग मोठ्याने बोलायचो."

मी स्टॅन्लीकडे पाहिलं. त्याने मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

मी उठून किचनमध्ये गेले. सिंकमध्ये दुपारची भांडी पडली होती. वरच्या मजल्यावर सांडोरवाल्यांच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. मी नळाला हात लावला नाही, आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने माझ्या भावासाठी रडले.